पदसिद्ध अध्यक्ष रजेवर आहेत

जनार्दन पोस्टमास्तर कुणाच्या बापाला भीत नसे. हे तो स्वतःच सांगे, फक्त दार लावून सांगे. ओसरीवर कुणी बसलेलं असलं तर आवाज जरा खाली यायचा, आणि सरपंच नरहरी बसलेला असला तर सांगायचं राहूनच जायचं.

दोन हजार सातच्या एप्रिलात एका दुपारी त्यानं दार लावलं, खिडकीही लावली आणि तांदूळ निवडत बसलेल्या बायकोला म्हणाला, "अनसूये, असा डाव टाकलाय, की साप बी मरंल अन् काठी बी मोडायची न्हाई!"

"साप कोन?" अनसूयेनं विचारलं.

"नरहरी."

"अन् काठी?"

"काठी म्हंजे मी!"

अनसूयेनं नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि पुन्हा तांदळातला खडा शोधायला लागली. चौदा वर्षांच्या संसारात तिला ही काठी कधी कुणावर उगारलेली दिसली नव्हती.

आता हा साप आणि ही काठी एकमेकांना कुठे भेटली, ते सांगायला हवं. कासार आंबोलीच्या पुढे, पौड रस्ता सोडून आत वळलं की आंबेटेक लागतं. चाळीस वर्षांपूर्वी तिथल्या अण्णासाहेबांनी एक ग्रामोन्नती मंडळ काढलं. अण्णासाहेब पुण्याच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, त्यामुळे मंडळाची घटना त्यांनी चांगली चौदा पानांची लिहिली. सगळी शुद्ध मराठीत, फक्त एका ठिकाणी त्यांच्यातला कोर्टाचा कारकून जागा झाला आणि त्यांनी लिहून ठेवलं, 'गावचे पोस्टमास्तर हे मंडळाचे एक्स ऑफिशियो अध्यक्ष राहतील.' एवढं लिहून दोन वर्षांत ते वारले. एक्स ऑफिशियो म्हणजे काय, हे विचारायला माणूस उरला नाही.

गावानं ती रावबहादूरसारखी पदवी धरली. जनार्दनानंही तेच धरलं. बापानंतर पोस्ट त्याच्याकडे आलं तेव्हापासून लग्नपत्रिकेत तो आपलं नाव 'श्री. जनार्दन, एक्स ऑफिशियो' असं घालायला लावी. पदवी आपल्या अंगाला चिकटलेली आहे, आपण जाऊ तिथे ती येणार, आंघोळीला गेलो तरी येणार, अशी त्याची पक्की समजूत होती!

मंडळानं चाळीस वर्षांत फारसं काही केलं नव्हतं. मंडळाच्या मालकीची रस्त्याकडेची एक जागा होती आणि त्या जागेत एक विहीर. पण ती विहीर म्हणजे गावाचा जीव होता. नळ होता की! मार्चपर्यंत त्याला पाणीही येई. एप्रिलपासून नुसती हवा येई, आणि तीही अर्धा तास. मग वरच्या आळीतली अनसूया आणि खालच्या आळीत बुद्धविहारापाशी राहणारी फुलाबाई, सगळ्या जणी त्याच विहिरीवर.

आणि नेमक्या त्याच विहिरीवरून एका पुणेकर बिल्डरला रस्ता न्यायचा होता. वरच्या टेकाडावर त्याचे चाळीस बंगले व्हायचे होते. डोंगराला वळसा घालूनही रस्ता जात होता, पण तो लांब पडे. विहीर बुजवली की सरळ! नरहरी सरपंच त्यापायी नुसता हवेत होता. बिल्डरनं मुदत दिली होती गुरुवारची. तोवर मंडळाचा ठराव द्या, नाहीतर मी दुसरं गाव बघतो.

मंडळात माणसं पाच. नरहरी आणि त्याचा चुलता कोंडिबा म्हणत, विहीर द्या. शाळेचे दयानंद गुरुजी आणि फुलाबाई म्हणत, देणार नाही. पाचवा अध्यक्ष. म्हणजे जनार्दन.

"मी व्हय म्हणलं, तर फुलाबाई मला गावात फिरू द्यायची न्हाई," जनार्दन बोटांवर मोजत म्हणाला. "न्हाई म्हणलं, तर नरहरी जगू द्यायचा न्हाई. मग मी हितं ऱ्हातोच कशाला? सोमवार ते शनिवार रजा! अध्यक्ष न्हाई तर मीटिंग न्हाई, मीटिंग न्हाई तर ठराव न्हाई! मी ताम्हिणीला रंभाआक्काच्या ढाब्यावर. तितं मोबाईलला रेंज बी न्हाई!"

"आमच्या म्हायेरी ह्याला पळून जाणं म्हणत्यात," अनसूया म्हणाली.

"ह्याला राजकारन म्हणत्यात! तुला न्हाई कळायचं. हितं सही कर."

गावच्या पोस्टमास्तराला रजा पाहिजे तर बदली माणूस त्यानंच द्यायचा, त्याचं नाव अर्जात घालायचं, अशी पद्धत. जनार्दनानं दहावी पास अनसूयेचं नाव घातलं. चौदा वर्षं रोज सकाळी शिक्क्यातली तारीख तीच बदलत होती, थैलीची गाठ तीच मारत होती, म्हाताऱ्यांना पत्रं तीच वाचून दाखवत होती. कागदावर नाव मात्र पहिल्यांदा आलं! तिनं अर्ज हातात घेतला, पुढून वाचला, उलटा करून मागचे बारीक अक्षरातले नियमही वाचले आणि मगच सही केली. असल्या कागदाची मागची बाजू सहसा कुणी वाचत नाही.

रजेचं कारण होतं कंबरदुखी. ज्या कंबरेनं आयुष्यात टपालाच्या थैलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, ती धरून जनार्दन एसटीत चढला.

सोमवारी अनसूया पोस्टात खुर्चीवर बसली. आजवर ती कोपऱ्यातल्या पोत्यावर बसे. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता, पण बसल्यावर तिला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं!

मंगळवारी नरहरी खिडकीशी आला. "वयनी, दादा कुटं हाय?"

"रजेवर."

"परवा मीटिंग हाय अन् हा रजेवर? अध्यक्षाबिगर मीटिंग कशी घ्यायची म्या?"

"ते मला काय ठावं, भाऊजी? तिकीट-बिकीट पायजे का?"

नरहरी तणतणत गेला. पण गडी हार मानणारा नव्हता. त्यानं मंडळाची चौदा पानांची घटना उकरून काढली, तो इंग्रजी शब्द उतरवला आणि मनीषला फोन लावला. मनीष मूळचा लातूरचा, हिंजवडीला कंप्युटरच्या कंपनीत. टेकाडावरचा सात नंबरचा बंगला त्यानं बुक केलेला, म्हणजे माणूस आपला! बुधवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मनीष मोटरसायकलवर आला, हातात छापलेला कागद घेऊन. दोघंही सरळ पोस्टाच्या खिडकीशी.

"सिंपल आहे, सर," मनीष म्हणाला. "लॅटिन टर्म आहे. एक्स ऑफिशियो म्हणजे पदामुळे. आपल्याकडे पदसिद्ध म्हणतात. म्हणजे बेसिकली मान माणसाला नाही, खुर्चीला आहे. जो त्या खुर्चीवर असेल, तो ऑटोमॅटिकली अध्यक्ष."

"म्हंजे खुर्चीवरचा मानूस पळून गेला तर?"

"तर ज्याच्याकडे चार्ज आहे, तो अध्यक्ष!"

नरहरीनं सावकाश मान वळवली. खिडकीच्या आत डुगडुगत्या खुर्चीवर अनसूया पत्रांवर शिक्के मारत होती. बोक्याला उघडं दूध दिसावं तसा त्याचा चेहरा उजळला. जनार्दनाच्या निदान मिनतवाऱ्या कराव्या लागत. ही तर बाईमाणूस! हिला कागद दाखवायचा आणि बोट ठेवायचं, इथं सही करा!

"अध्यक्षीणबाई, नमस्कार!" त्यानं कोपरापासून हात जोडले.

"अगं बया!" अनसूया म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायची गरजच न्हाई! उद्या तीन वाजता यायचं, व्हय म्हणायचं, सही ठोकायची, चा प्यायचा अन् घरी!"

अनसूयेनं शिक्का खाली ठेवला. चेहरा होता तसाच बापडा ठेवला. "म्या येते. पन भाऊजी, उद्या कुनी म्हणायला नको, की ही बदलीची बाय, हिची सही कशी चालंल? तुमचा ठराव फुकट जायचा. आदी तेवढं लिहून घ्या."

"वा! ह्याला म्हणत्यात डोकं!" नरहरी हरखला. "तुमी दादापरीस हुशार हाय!"

"ते हायेच," अनसूया म्हणाली.

तासाभरात नरहरीनं मंडळातल्या बाकी तिघांना गोळा केलं आणि गुरुजींना ठराव सांगितला. एक्स ऑफिशियो म्हणजे पदसिद्ध, पोस्टाचा कारभार ज्याच्या हाती तोच अध्यक्ष, बदली माणूस असला तरी पूर्ण अध्यक्ष, त्याचा निर्णय सर्वांना बंधनकारक! 'बंधनकारक' शब्द नरहरीनं मुद्दाम घातला. पहिली सहीही त्याचीच. छापील अर्थ खोडता येईना, म्हणून गुरुजींनी आणि फुलाबाईनंही खाली सही केली. एवढ्यावर भागेना म्हणून त्यानं त्याची नक्कल चावडीच्या फळ्यावर डकवली. संध्याकाळी पोस्टमास्तरच्या घरी सरपंचाकडून एक भारी साडी आली, वर पेढ्यांचा पुडा.

साडीची बातमी साडीच्या आधी विहिरीवर पोचली. अनसूया कळशी घेऊन गेली, तर बायका गप्प झाल्या. फुलाबाईनं आपला दोर गुंडाळला. चौदा वर्षं दोघी एकाच दोरानं पाणी काढत होत्या.

"फुले, अगं..."

"साडी नेसून या की, मास्तरीणबाई," फुलाबाई म्हणाली. "अध्यक्षांनी असं फाटक्या लुगड्यात बरं दिसत न्हाई. अन् आपला दोर आपन आनावा."

अनसूयेला ते लागलं. असं लागलं की डोळ्यांत पाणीच आलं. खरं सांगून टाकावं असं दहादा ओठावर आलं, पण फुलाबाईची कुजबुज पौडपर्यंत ऐकू जायची! नरहरीला सुगावा लागला असता, तर मीटिंगच मोडली असती. अनसूया रिकामी कळशी घेऊन घरी आली आणि त्या रात्री उरल्या तांब्याभर पाण्यात भागवलं.

गुरुवारी तीन वाजता चावडी भरली. मनीष अर्धा दिवस सुट्टी टाकून आलेला. बाहेर बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या. नरहरी अर्धा तास बोलला. रस्ता येईल, दिवे येतील, पोरं बंगल्यांवर वॉचमन म्हणून लागतील, आंबेटेकचं सिंगापूर होईल! मग मतं झाली. दोन तिकडे, दोन इकडे. सगळ्यांचे डोळे अध्यक्षांवर.

"न्हाई," अनसूया म्हणाली.

नरहरी प्रेमानं हसला. "वयनी, 'व्हय' म्हणायचं असतंय."

"ठावं हाय. म्हणूनच न्हाई म्हणले. विहीर बुजवायची न्हाई. लिहा, गुरुजी!"

गुरुजींनी पेन उघडलं. मग बाहेर हंड्यांवर अशा थापा पडल्या की कोंडिबानं कानात बोटं घातली. अनसूयेनं पिशवीतून साडीचा पुडका काढला. सुतळीनं बांधलेला, वर पोस्टात लिहितात तसा शेरा, 'घेण्यास नकार'. तो तिनं सरपंचापुढे सरकवला. पेढ्यांचा पुडाही होता. त्यातले दोन कमी होते, कारण बाई कितीही करारी असली तरी तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"ही कसली अध्यक्ष?" नरहरी उसळला. "चार दिसाची बदली! हिला कुनी दिला अधिकार?"

"तुमीच," अनसूया म्हणाली. "बाहेर फळ्यावर वाचा."

कोंडिबा डोळे बारीक करून फळ्यापर्यंत जाऊन आला. "अरं नरहरी, पयली सही तुजीच हाय की रं!"

आता नरहरीनं काय करावं? गुरुजी ठराव लिहायला लागले, तोच त्यानं रजिस्टर ओढलं, खाली ठेवलं आणि त्यावर बसला! अक्षरशः मांडी घालून बसला. "जनार्दनाला आना! तो आला की खरा अध्यक्ष आला. तवर कुनी कायबी लिहायचं न्हाई!"

सरपंचाची जीप ताम्हिणीला सुटली. जनार्दनाचा पत्ता शोधावा लागला नाही. कंडक्टरनं पहिल्याच दिवशी सगळ्या मुळशीला सांगितला होता. जायला दीड तास, यायला दीड तास. नरहरी रजिस्टरवर आणि बायका दारात. उठला असता तर रजिस्टर गेलं असतं, म्हणून तो लघवीलाही उठला नाही!

साडेसहाला जीप आली. जनार्दन उतरला. जाताना डावी कंबर दुखत होती, येताना उजवी. मिशीला रस्सा होता.

"हे बगा खरे एक्स ऑफिशियो!" नरहरी बसल्या जागेवरून ओरडला. "जनार्दना, बस खुर्चीत!"

जनार्दन खुर्चीपाशी गेला. अनसूया उठली नाही.

"काय पायजे?" तिनं विचारलं.

"अगं, मी..."

"टपाल उद्या अकराला येतंय."

"अगं अनसूये, मी तुजा नवरा!"

"घरी. हितं तुमी रजेवर हाय."

"मोडली रजा!" जनार्दन नरहरीकडे बघत म्हणाला.

"कशी मोडली? तुमच्याच अर्जाच्या मागं लिहिलंय. मंजूर रजा मधीच मोडायची तर पौडच्या साहेबांची लेखी परवानगी पायजे. आना, लगीच उठते. साहेब पाचला घरी गेलं."

नरहरीनं आशेनं मनीषकडे पाहिलं. मनीषनं खिशातला कागद काढला, पुन्हा वाचला आणि घसा साफ केला. "टेक्निकली मॅडम करेक्ट आहेत, सर. आत्ता खुर्चीवर त्या आहेत."

"आरं, तू कुनाच्या बाजूचा? बंगला तुजा हाय ना?"

"बंगला माझाच आहे सर. पण अर्थ तोच आहे ना!"

"रस्ता डोंगराला वळसा घालून न्या," अनसूया मनीषला म्हणाली. "धा मिन्टं उशिरा पोचाल. पोचल्यावर प्यायला पानी तरी मिळंल."

नरहरी तावातावानं उठायला गेला. पण तीन तास मांडी घातलेले पाय त्याचे राहिले नव्हते! तो उभा राहिला आणि तसाच कोंडिबाच्या अंगावर कोसळला. फुलाबाईनं झडप घालून रजिस्टर उचललं आणि अनसूयेपुढे उघडून धरलं. गुरुजींनी लिहिलं. अनसूयेनं सही केली, पूर्ण नाव, वाचता येईल अशी.  घरी जाताना फुलाबाईनं अनसूयेच्या ओसरीवरची रिकामी कळशी आपल्या डोक्यावर घेतली आणि भरून आणून दारात ठेवली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

सोमवारी जनार्दन खुर्चीवर परत आला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायला लागला, "विहीर कुनी वाचवली? पदानं! पद कुनाचं? आमचं! लॅटिन हाय ते, तुमाला न्हाई कळायचं." अनसूया पोत्यावर बसून थैलीची गाठ मारत होती. तिनं ती जरा जास्तच करकचून मारली.

अकरा वाजता नरहरी आला. पाय बरे झालेले. हातात नोटीस. बिल्डरनं आठ दिवसांची मुदत वाढवून दिली होती. येत्या गुरुवारी पुन्हा मीटिंग, विषय तोच. "अन् अध्यक्ष पदसिद्ध," तो गोड हसत म्हणाला. "म्हंजे आता तुमी, दादा."

नरहरी गेला. जनार्दनाचा हात आपोआप कंबरेवर गेला आणि दुसरा रजेच्या अर्जाकडे.

"रजा नामंजूर," पोत्यावरून आवाज आला.

"तू कोन नामंजूर करनारी? तुजा चार्ज शनवारीच संपला!"

"पोस्टातला संपला. घरातला न्हाई. अन् त्या पदावर बदली मानूस मिळत न्हाई, ध्यानात असू द्या. गुरवारी तुमी चुकीचं बोलला, तर तुमी अन् तुमची खुर्ची दोघांनी हितंच जेवायचं, हितंच झोपायचं."

गुरुवारी चावडी पुन्हा भरली. पुन्हा दोन तिकडे, दोन इकडे. जनार्दन उठला, घाम पुसला आणि काहीतरी पुटपुटला. गुरुजींनी विचारलं, काय म्हणालात? तो पुन्हा पुटपुटला. खिडकीबाहेर अनसूया आणि फुलाबाई शेजारीशेजारी उभ्या होत्या. जनार्दनाचं तिकडे लक्ष गेलं आणि तो एवढ्या मोठ्यानं "न्हाई!" म्हणून ओरडला की फळ्यावरचा जुना ठराव गळून पडला.

रस्ता आता डोंगराला वळसा घालून जातो. मनीषला खरोखरच दहा मिनिटं जास्त लागतात.

पण त्या दिवशी चावडीत सगळे थक्क होऊन बघत राहिले.  शेवटी कोंडिबानं विचारलं, "मास्तर, सरपंचाफुडं येवढं धाडस? आनलं कुठनं?"

जनार्दनानं मिशीवरून हात फिरवला, खिडकीकडे चोरून पाहिलं आणि हळूच सांगितलं, "वरनं ऑर्डर हाय."